शजऱ्यावर नसलेला रस्ता

रायबरेली रस्त्याने लखनौबाहेर पडलं की मोहनलालगंजच्या आधीपासूनच गव्हाच्या शेतांत विटांचे गुडघाभर खांब दिसू लागतात. मध्ये खडी टाकलेला रस्ता, कडेला डीलरचा फलक. प्लॉट म्हणून जे दाखवतात, ते कागदोपत्री बहुधा अजून शेतच असतं.

महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही. उत्तर प्रदेशात ती अट नाही. साडेबारा एकरांपर्यंत कोणीही घेऊ शकतो. ही मोकळीक मला पटते, पण फसगतही त्यामुळेच सोपी होते.

ओळखीच्या एका कुटुंबासोबत मी असा प्लॉट पाहायला गेलो होतो. इथला लेखपाल म्हणजे आपला तलाठी, खतौनी म्हणजे जवळपास सातबारा, आणि गट नंबराला म्हणतात गाटा. पक्का बिघा 27,225 चौरस फुटांचा, त्याचे वीस बिस्वे. खतौनीवर चार भावांची नावं होती, विकणारा एकटाच. म्हणजे मिळणार होता अविभक्त हिस्सा. रस्त्याकडेचा तुकडा त्याच्याच वाट्याचा, असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. डीलर म्हणाला, "भाईसाहब, आपस में बंटवारा हो चुका है." पण त्या तोंडी वाटणीची नकाशावर रेघ नव्हती.

लेखपालाने शजरा, म्हणजे गावाचा नकाशा, मोटारसायकलच्या सीटवर पसरला आणि बोट फिरवत गाटा शोधला. खडीचा रस्ता त्यात नव्हताच. ती शेजाऱ्याची शेती होती. त्याने उद्या नांगर घातला तर प्लॉटला वाटच उरणार नव्हती. सरकारी वाट असती तर तिथे 'चकमार्ग' लिहिलेलं असतं.

त्या कुटुंबाने बयाना, म्हणजे इसार, दिला नाही. दुय्यम निबंधकाकडे बैनामा, म्हणजे खरेदीखत, नोंदवला जातो, पण विकणाऱ्याच्या मालकीची हमी ते कार्यालय देत नाही. पुढे तहसिलीतला दाखिल-खारिज, म्हणजे आपला फेरफार, झाला तरी ती महसुली नोंदच असते. शेती बिगरशेती ठरवायला इथल्या महसूल संहितेचं कलम 80 आहे. तो आदेश म्हणजे लेआउटची मंजुरी नव्हे.

लखनौच्या आसपास घर बांधू पाहणाऱ्यांना माझी विनंती आहे: बयान्याआधी ताजी खतौनी काढा. 'असंक्रमणीय भूमिधर', म्हणजे जमीन विकण्याचा हक्क नसलेला खातेदार, असा शेरा दिसला तर तिथेच थांबा. खातं सामाईक असेल तर सगळ्या खातेदारांच्या सह्या किंवा कलम 116 खालच्या वाटणीचा आदेश मागा, आणि पैमाइश, म्हणजे मोजणी, स्वतः शेतात उभं राहून करून घ्या.