इम्प्लांटमुळे स्तनाचा कर्करोग होतो का?

स्तन काढल्यानंतर पुनर्रचनेसाठी किंवा आकार वाढवण्यासाठी बसवलेल्या इम्प्लांटमुळे (सिलिकॉनच्या कृत्रिम पिशवीमुळे) स्तनाचा कर्करोग होतो, असा समज मोठ्या प्रमाणावर आहे. अनेक वर्षांच्या अभ्यासांत तसे आढळलेले नाही.

मग भीती आली कुठून? शरीर इम्प्लांटभोवती एक आवरण तयार करते. त्या आवरणात क्वचित लिम्फोमा (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा कर्करोग) होतो. तो स्तनाच्या ग्रंथींतून उगवत नाही. मुळशीच्या भातखाचराच्या बांधावर तण वाढले, म्हणून कोणी भाताला रोग लागला म्हणत नाही. पण तण काढावेच लागते. हा फरक महत्त्वाचा, कारण स्तनाचा कर्करोग आणि हा लिम्फोमा या दोन्हींची तपासणी आणि उपचार वेगळे आहेत.

हा लिम्फोमा मुख्यतः खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी जोडलेला आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2011 मध्ये या संबंधाची पहिली सूचना दिली. जुलै 2019 मध्ये त्यांच्या विनंतीवरून ॲलर्गन कंपनीने ‘बायोसेल’ इम्प्लांट परत मागवले. आजार साधारण आठ-दहा वर्षांनी दिसतो: एका बाजूला अचानक सूज, आत साठलेले पाणी, कधी गाठ. वेळीच लक्षात आल्यास इम्प्लांट आणि आवरण पूर्ण काढणे बहुतेकदा पुरेसे ठरते.

त्रास नसेल, तर केवळ भीतीपोटी इम्प्लांट काढण्याचा सल्ला दिला जात नाही. मात्र मॅमोग्राफीच्या (स्तनाच्या क्ष-किरण तपासणीच्या) वेळी इम्प्लांट असल्याचे आधीच सांगावे, कारण त्यामागचा काही भाग झाकला जातो व जादा छायाचित्रे घ्यावी लागतात. इम्प्लांट बसवताना मिळालेले कार्डही जपून ठेवा. कंपनी आणि प्रकार त्यावरून कळतो.