कबुली आणि पुरावा

घरात चोरी झाली, फिर्याद नोंदली गेली आणि दुसऱ्या दिवशी कोणी संशयित पकडला गेला, की आपल्यातील पुष्कळ सज्जन माणसे सहज बोलून जातात : ‘दोन दांडके ठेवून द्या, आपोआप कबूल होईल.’ असे बोलणारा मनुष्य क्रूरच असतो असे नव्हे. त्याची वस्तू गेलेली असते, मन पोळलेले असते, आणि कबुली मिळाली म्हणजे तपास संपला अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. ही समजूत कितपत खरी आहे, आणि आपल्या कायद्याने ती का नाकारली आहे, याचा आज थोडा विचार करावा असे आम्हांस वाटते.

मांडव्य ऋषींची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. चोरांनी चोरीचा माल त्यांच्या आश्रमात दडवला, राजाचे शिपाई आले आणि मौनव्रती ऋषी सुळावर गेले. महाभारतात मांडव्य बोलतच नाहीत. कौटिल्याने मात्र या कथेचा उल्लेख निराळ्या रीतीने केला आहे. यातनांच्या भयाने मांडव्य, चोर नसतानाही, आपण चोर असल्याचे बोलून गेले, असे तो सांगतो. आणि म्हणून पुरावा पूर्ण झाल्यावरच शिक्षा करावी, असे बजावतो. वस्तुतः कौटिल्य काही मृदू अंतःकरणाचा शास्त्रकार नव्हे. संशयितास द्यावयाच्या यातनांचे प्रकार त्याने त्याच अध्यायात क्रमवार नोंदले आहेत. परंतु यातना मान्य करणाऱ्या त्या शास्त्रकारासही एक गोष्ट पक्की ठाऊक होती : वेदना माणसाला बोलावयास लावते, खरे बोलावयास लावतेच असे नाही.

हीच गोष्ट पुढे इंग्रजी अमलात सरकारी कागदावर आली. मद्रास इलाख्यातील छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या आयोगाने १८५५ साली अहवाल दिला. सारावसुलीसाठी आणि गुन्हा कबूल करविण्यासाठी माणसांचा छळ होत असल्याचे त्यात मान्य करण्यात आले. त्यानंतर १८६१ सालच्या फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याने पोलिसांपुढील कबुलीजबाब पुराव्यातून वगळला, आणि १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात हाच नियम कायम झाला. हा कायदा रचणारे जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी एका अनुभवी अधिकाऱ्याचे बोलणे पुढे नमूद करून ठेवले आहे. त्याचा मतितार्थ असा, की छळामागे पुष्कळदा आळस असतो. उन्हातान्हात हिंडून पुरावा गोळा करण्यापेक्षा सावलीत बसून एखाद्या गरिबाच्या डोळ्यांत तिखट चोळणे सोपे जाते. आमच्या मते या साऱ्या विषयाचे मर्म या एका निरीक्षणात आहे. मारहाण ही तपासाची कडक पद्धत नव्हे; तो तपास टाळण्याचा मार्ग आहे.

१ जुलै २०२४ पासून जुन्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. पण हा नियम त्याच्या २३ व्या कलमात कायम आहे. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. कबुली द्यावयाचीच असेल तर ती मॅजिस्ट्रेटपुढे. तेथेही मॅजिस्ट्रेटने आधी सांगावयाचे, की कबुली देण्याचे बंधन तुझ्यावर नाही आणि दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाऊ शकेल. ती स्वेच्छेने दिली जात आहे अशी खात्री झाल्यावाचून त्याने ती नोंदावयाची नाही. आणि आरोपीने ऐनवेळी नकार दिला, तर त्या कारणास्तव त्याला पुन्हा पोलीस कोठडीत पाठवावयाचे नाही. या शेवटच्या तरतुदीतील शहाणपण ध्यानात घ्यावे. ज्याला पुन्हा त्याच कोठडीत जावयाचे आहे, तो मॅजिस्ट्रेटपुढे तरी मोकळेपणाने कसा बोलणार?

येथे कोणी विचारील, की मग आरोपीने दाखवलेला सुरा किंवा काढून दिलेले दागिने यांचे काय? त्यासाठी नियमाला एक अपवाद आहे. आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तुस्थिती उघडकीस आली, तर त्या शोधाशी निगडित तेवढाच भाग पुराव्यात येतो. १९४६ साली प्रिव्ही कौन्सिलने त्याची मर्यादा आखून दिली. समजा, आरोपी म्हणाला, ‘ज्या सुऱ्याने मी अमक्याला भोसकले, तो मी छपरात लपवला आहे,’ आणि सुरा छपरात सापडला. सुरा तेथे आहे हे आरोपीला ठाऊक होते, एवढे सिद्ध होते. त्याने भोसकले, हे शब्द मात्र गाळावयाचे. वाट अरुंद आहे, पण तिच्यातूनही सक्ती आत शिरू शकते. म्हणूनच अशा वेळी पंचांची उपस्थिती आणि त्यांचा प्रामाणिकपणा यांना फार मोल आहे. पंच म्हणून सही करणारा मनुष्य आपल्यातीलच असतो, आणि न पाहता केलेली सही ही खोटी साक्षच होय.

मग पोलिसांनी करावयाचे तरी काय? करण्यासारखे पुष्कळ आहे. ठसे आणि हस्ताक्षराचे नमुने घेता येतात. ते देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मुंबई राज्यातून आलेल्या काथी कालू ओघड खटल्यात १९६१ साली दिला. उलट, औषध टोचून गुंगीत बोलते करण्याची नार्को चाचणी संशयिताच्या संमतीवाचून करता येणार नाही, असे त्याच न्यायालयाने २०१० साली ठरवले. हात दाबून ठसा घेता येईल, मन दाबून शब्द घेता येणार नाही, अशी ही सीमारेषा आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेने झडती व जप्तीचे चित्रण आवश्यक केले आहे; सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूदही तिच्यात आहे.

अटक झालेल्या माणसाचे हक्कही आपणांस ठाऊक असावेत. अटकेचे कारण त्याला सांगावे लागते, त्याच्या आप्ताला कळवावे लागते, आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्याला मॅजिस्ट्रेटपुढे न्यावे लागते. त्याला वकिलाचा सल्ला घेता येतो, आणि स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. १९९६ सालच्या डी. के. बसू खटल्यातील आदेशांनुसार अटकेचा मेमो साक्षीदाराच्या सहीने तयार व्हावा लागतो आणि कोठडीत ठराविक काळाने वैद्यकीय तपासणी करावी लागते. २०२० साली न्यायालयाने पोलीस ठाण्यांत कॅमेरे बसविण्याचा आदेश दिला.

इतके नियम असताना कोठडीतील मृत्यूच्या बातम्या येतातच, हे कटू सत्य लपविण्यात अर्थ नाही. भारताने १९९७ साली छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर सही केली. ती पक्की करणे अद्याप राहिले आहे. पोलिसांची अडचणही आम्ही नाकारीत नाही. एकेका अंमलदाराकडे अनेक गुन्हे, त्यात बंदोबस्ताची धावपळ, आणि ‘चोर सापडला का?’ हा वरून व खालून सारखा होणारा तगादा. त्या तगाद्यात आपलाही आवाज असतो, हे मात्र विसरता येत नाही.

मार खाऊन खोटे कबूल करणारा एक निरपराध तुरुंगात जातो, तेव्हा खरा चोर आपल्याच गल्लीतून निर्धास्त फिरत असतो. म्हणजे संशयिताला संरक्षण देणारा नियम आपल्या घराचेही संरक्षण करतो. पुढच्या वेळी ठाण्याच्या पायरीवर उभे राहून ‘कबूल झाला का?’ असे न विचारता ‘पुरावा काय मिळाला?’ असे आपण विचारू लागलो, तर तपासाची रीत बदलावयास आरंभ होईल. मांडव्य ऋषींना सुळावर चढविले ते केवळ राजाच्या शिपायांनी नव्हे. शहानिशा न करता निकाल मागणाऱ्या घाईने त्यांना तेथवर नेले. ती घाई आपल्यातही आहे, आणि ती आवरणे आपल्याच हाती आहे.