दोन भाषांच्या घरातील श्रवणदोष

तंजावरचे सरफोजीराजे दुसरे (राज्यकाल १७९८-१८३२) यांच्या धन्वंतरी महालाशी संबंधित जे कागद सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेले आहेत, त्यांत नेत्ररुग्णांच्या नोंदी विशेष प्रसिद्ध आहेत. रोग्याच्या डोळ्याचे रंगीत चित्र आणि त्याच्या विकाराचे वर्णन त्यांत आढळते. डोळ्याचा विकार असा चितारता येतो. मोतीबिंदू घरच्या माणसांनाही दिसतो. कानाचे तसे नाही. जन्मतः बधिर असलेल्या अर्भकाचा कान बाहेरून बहुधा निर्दोषच असतो. दोष असतो तो कवटीच्या हाडात दडलेल्या, गोगलगाईच्या शंखासारख्या वळलेल्या कर्णावर्तात. म्हणून बालवयातील श्रवणदोषाचा विचार करताना दोन प्रश्न पुढे येतात : तो का उद्भवतो, आणि उद्भवल्यावर इतक्या उशिरा का लक्षात येतो? दुसऱ्या प्रश्नाचे एक उत्तर तंजावरच्या मराठी घरांत सहज सापडण्यासारखे आहे.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात एकोजीराजांनी येथे राज्य स्थापिले. ते १८५५ मध्ये खालसा झाले. परंतु त्याच्या आश्रयाने वसलेल्या कुटुंबांची मराठी टिकून राहिली. घरात मराठी आणि दाराबाहेर तमिळ, असा या समाजाचा शिरस्ता आहे. अशा घरातील मूल दोन वर्षांचे होऊनही बोलेनासे झाले, की ‘दोन भाषांमुळे गोंधळले आहे, बोलेल हळूहळू’ हे समाधान हाताशी तयारच असते. ते निराधार आहे. द्विभाषिक मुले पहिला शब्द साधारणपणे इतर मुलांच्याच वयात उच्चारतात; त्यांचा शब्दसंग्रह दोन भाषांत विभागलेला असतो, एवढेच. बोलणे खरोखर लांबले असेल, तर प्रथम कान तपासला पाहिजे. घरातील भाषांची चौकशी मागाहून करता येते.

हा गैरसमज टिकतो याला मुलाचे वागणेही काही अंशी कारण होते. कर्णावर्ताची रचना गर्भावस्थेच्या मध्यावर बव्हंशी पूर्ण होते आणि साधारणपणे पंचविसाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भ आवाजाला प्रतिसाद देऊ लागतो. म्हणजे ऐकणारे मूल जन्मतःच काही महिन्यांचा अनुभव गाठीशी घेऊन येते. परंतु पहिल्या काही महिन्यांतील हुंकार आणि कूजन बधिर अर्भकही करते. फरक पुढे दिसू लागतो : सात-आठ महिन्यांचे ऐकणारे मूल ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी अक्षरमाला म्हणू लागते, बधिर मुलात ती फार उशिरा येते किंवा तुटक राहते. शिवाय दार आपटल्याचा हादरा त्याला जाणवतो, आईची सावली त्याला दिसते, आणि ते वळून पाहते. घरचे म्हणतात, ऐकू येते की!

अंशतः बहिरेपण तर याहून फसवे. स्वर हे मंद्र व बलवान ध्वनी आहेत. ‘स’, ‘त’, ‘थ’ यांसारख्या व्यंजनांची ओळख पटविणारा भाग तार आणि क्षीण असतो. तार ध्वनी ऐकू न येणाऱ्या मुलाला ‘साप’, ‘ताप’, ‘थाप’ हे तिन्ही शब्द जवळजवळ ‘आप’ असेच ऐकू येतात. त्याच मुलाला तमिळमधील ‘पल्’ (दात) आणि ‘पाल्’ (दूध) यांतील भेद मात्र कळू शकतो. कारण तो स्वराच्या लांबीचा आहे. तमिळमध्येही क्षीण व्यंजने आहेतच, तेव्हा याचा अर्थ ती भाषा सोपी असा नव्हे. पण हाक मारताच ओ देणारे मूल अर्धवट बहिरे असू शकते, हे यावरून ध्यानात यावे.

आता कारणांकडे वळू. जन्मजात बधिरत्वाच्या निम्म्या किंवा त्याहून अधिक उदाहरणांत कारण आनुवंशिक असते, आणि त्यांतही बहुतेक वेळा ते अप्रभावी जनुकाचे असते. सदोष जनुकाची एकेकच प्रत असल्याने आईबाप दोघेही उत्तम ऐकतात. मुलाकडे दोन्ही सदोष प्रती आल्या, की दोष प्रकट होतो. अशा दांपत्याच्या प्रत्येक अपत्यास हा संभव चारात एक इतका असतो. भारतात कनेक्सिन-२६ या प्रथिनाच्या जनुकातील दोष यासंबंधी वारंवार आढळला आहे. नात्यात विवाह झाला की दोन्हीकडून एकच सदोष प्रत येण्याची शक्यता वाढते. मामेबहिणीशी विवाह महाराष्ट्रातही अनेक जातींत मान्य आहे. तमिळ प्रदेशात मामा-भाचीचा विवाहही रूढ होता आणि अजून सर्वस्वी लोपलेला नाही. पहिल्या प्रकारात अपत्याच्या कोणत्याही जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या असण्याचा संभव १/१६, तर दुसऱ्या प्रकारात तो १/८ असतो. नात्यातील बहुसंख्य विवाहांतून निकोप मुलेच जन्मतात, हे खरे. पण ‘आमच्यात कोणी बहिरे नाही’ या शब्दांना पुरावा मानता येत नाही.

गर्भारपणातील कारणांत रुबेला हा सौम्य वाटणारा रोग प्रमुख आहे. १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातील नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांनी अर्भकांतील मोतीबिंदूचा संबंध मातेला झालेल्या रुबेलाशी जोडला. त्या बालकांपैकी अनेकांचे बहिरेपण त्यानंतर उघडकीस आले. येथेही डोळा आधी दिसला, कान मागाहून! तमिळनाडूत गोवर-रुबेला लसीची मोहीम फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली.

अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मवेळचा श्वासावरोध आणि तीव्र कावीळ हीही कारणे आहेत. काविळीतील पित्तरंजक मेंदूतील श्रवणकेंद्रांना इजा करते. कर्णावर्त मात्र शाबूत राहू शकते, आणि त्याची तेवढीच चाचणी केल्यास मूल निर्दोष ठरते. म्हणून अशा बालकांत मेंदूपर्यंतच्या श्रवणमार्गाचीही परीक्षा व्हावी लागते. जेंटामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन यांसारखी औषधे कर्णावर्तातील केशपेशी नष्ट करू शकतात. मानवात त्या पुन्हा उगवत नाहीत. मेनिंजायटिस आणि गोवर यांनीही श्रवणशक्ती जाते.

कान फुटणे हा प्रकार निराळा. लहान मुलांत घसा व मध्यकर्ण यांना जोडणारी नळी आखूड आणि आडवी असते. सर्दीचा संसर्ग तिच्यातून सहज वर चढतो. हे बहिरेपण वेळेवर उपचार केल्यास बहुधा टळते. वाहत्या कानात कोमट तेल घालण्याची आजीबाईंची रीत मात्र सोडली पाहिजे.

जन्मानंतर एक महिन्यात प्राथमिक चाचणी, तीन महिन्यांत निदान आणि सहा महिन्यांत श्रवणयंत्रादी उपाय, हे सर्वमान्य वेळापत्रक आहे. नवजाताची चाचणी ते झोपेत असतानाच, काही मिनिटांत होते. यंत्राने भागत नसेल तेथे कर्णावर्तात विद्युत्-अग्रे बसविण्याची शस्त्रक्रिया करतात. तमिळनाडूत सहा वर्षांखालील बालकांसाठी ती शासकीय विमा योजनेतून होते. तथापि शस्त्रक्रियेने ध्वनी मिळतो, भाषा मिळत नाही. तिच्यासाठी पुढे काही वर्षे रोज, जवळून, भरपूर बोलावे लागते. काही कुटुंबे याच्या जोडीला खुणांची भाषाही आरंभापासून शिकवितात.

याच टप्प्यावर तंजावरच्या घरात जुना प्रश्न नव्या रूपाने उभा राहतो. शाळा तमिळ, प्रशिक्षक तमिळ. तेव्हा घरीही तमिळच बोला, असा सल्ला अनेकदा दिला जातो. परंतु पुरेसे ऐकावयास मिळाल्यास अशी शस्त्रक्रिया झालेली मुलेही दोन भाषा आत्मसात करतात, असे अनुभवास आले आहे. दिवसभर मुलाजवळ असते ती बहुधा आजी. तिची सहजभाषा मराठी असेल, तर अडखळत्या तमिळमधील चार वाक्यांपेक्षा तिच्या मराठीतील गोष्ट मुलाच्या कानाला अधिक शब्द पुरविते.