वाटा राखणारी मंडळी

न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी माणसांना बेअर माउंटन ओळखीचा असतो. ऑक्टोबरात पानगळीचे रंग बघायला गाड्या काढायच्या, तळ्याकाठी डबे उघडायचे आणि जमलं तर डोंगर चढून यायचं. न्यूयॉर्क शहरापासून जेमतेम ऐंशी किलोमीटरवर, हडसनच्या काठी उभा असलेला हा डोंगर उंचीने चारशे मीटरही भरत नाही. पण त्याच्या अंगावर ग्रॅनाइटच्या हजाराहून जास्त पायऱ्या आहेत. मुरलेल्या कारागिरांच्या हाताखाली काम शिकून त्या बसवणाऱ्यांत शेकडो हौशी माणसं होती. या माणसांना एकत्र आणणाऱ्या संस्थेचं नाव न्यूयॉर्क-न्यू जर्सी ट्रेल कॉन्फरन्स.

या डोंगराच्या पायथ्याशी तुरुंग व्हायचा होता. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी न्यूयॉर्क राज्य सरकारने आपल्या ‘सिंग सिंग’ या तुरुंगाची नवी इमारत इथे बांधायला घेतली, जंगल तोडायला कैदीही आणले. रेल्वेसम्राट हॅरिमन यांच्या विधवा पत्नी मेरी हॅरिमन यांनी १९१० मध्ये दहा हजार एकर जमीन आणि दहा लाख डॉलर देऊ केले, त्यातली एक अट: तुरुंग इथे नको. सरकारने ती मानली आणि शहराच्या उशाशी लोकांना हिंडायला उद्यान म्हणून प्रचंड रान मिळालं.

पण रान मिळालं म्हणून वाटा तयार होत नाहीत. शहरात तेव्हा भटक्यांची बरीच मंडळं होती. रविवारी आगगाडीने किंवा बोटीने यायचं, दिवसभर चालायचं आणि संध्याकाळी परतायचं, असा सगळ्यांचा शिरस्ता. ऑक्टोबर १९२० मध्ये या मंडळांचे लोक आणि उद्यानाचे व्यवस्थापक मेजर विल्यम वेल्च एकत्र बसले. जागाही साजेशी होती: शिकारी-भटक्यांचं सामान विकणाऱ्या ॲबरक्रॉम्बी अँड फिच या दुकानाच्या वरचं लाकडी खोपट. तिथे ठरलं की वाटा सगळ्यांनी मिळून आखायच्या; हीच ट्रेल कॉन्फरन्सची सुरुवात.

या कामात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो रेमंड टोरी. तो वर्तमानपत्रवाला होता. ‘न्यूयॉर्क इव्हनिंग पोस्ट’मधल्या आपल्या सदरातून तो वाटांची बित्तंबातमी द्यायचा, आणि स्वतःही रानात उतरून वाटा शोधायचा. लिहिणाऱ्याने हातात कुऱ्हाड घेतली की शब्दाला वजन येतं; लोक त्याच्यामागे गेले. बेंटन मॅकाय यांनी १९२१ मध्ये ॲपलाचियन पर्वतरांगेवरून शेकडो कोसांच्या सलग वाटेची कल्पना मांडली, तेव्हा तिला पहिली जमीन मिळाली ती याच मंडळींमुळे. ऑक्टोबर १९२३ मध्ये बेअर माउंटनपासून पश्चिमेला आर्डेनपर्यंतचा तुकडा खुला झाला. आज साडेतीन हजार किलोमीटर लांब असलेल्या ॲपलाचियन ट्रेलचा, खास तिच्यासाठी बांधलेला हा पहिला भाग.

सगळं गुण्यागोविंदाने चाललं असं मात्र नाही. १९३० च्या सुमारास मंडळं एकमेकांच्या वाटांवर आपल्या खुणा रंगवू लागली, दुसऱ्याच्या पुसूही लागली. सह्याद्रीत एकाच कातळावर तीन दिशांना तोंड केलेले बाण ज्यांनी पाहिलेत, त्यांना यात काय धोका असतो ते सांगायला नको. तोडगा निघाला तो साधा आणि शहाणपणाचा: प्रत्येक वाट नेमून द्यायची. कुठला तुकडा कोणाचा, ते लिहून ठेवायचं. ज्याचा तुकडा, त्याची खूण आणि त्याचीच जबाबदारी. माझ्या मते संस्था टिकली ती या एका गोष्टीमुळे. ‘सगळ्यांचं’ म्हटलेलं काम कोणाचंच नसतं. ‘पुलापासून खिंडीपर्यंत तुझं’ म्हटलं की माणूस पावसानंतर आपणहून बघायला जातो.

आज ही मंडळी तीन हजार किलोमीटरहून अधिक वाटा सांभाळतात. आपल्या तुकड्यावरून वर्षातून निदान दोनदा चालायचं, आडवी पडलेली झाडं करवतीने कापायची, वाटेत घुसलेल्या फांद्या छाटायच्या, फिकट झालेल्या खुणा पुन्हा रंगवायच्या. ॲपलाचियन ट्रेलची खूण पांढरी, दोन इंच रुंद आणि सहा इंच उभी. एकीवर दुसरी दिसली तर पुढे वळण आहे असं समजायचं. यातलं सर्वांत महत्त्वाचं काम मात्र पाण्याचं. वाटेवर तिरपी दगडांची आड घालून पाणी उताराकडे काढून दिलं नाही, तर दोन-चार पावसाळ्यांत वाटेचा ओहोळ होतो. म्हणून या आडीमागे साचलेली माती आणि पानं फावड्याने उपसत राहावी लागतात. या उपशाचे फोटो कोणी काढत नाही, पण वाट जगते ती त्यावरच.

बेअर माउंटनवर एवढ्याने भागेना. लाखो पावलांनी माती धुपली, चिखल टाळायला लोक कडेने चालले आणि वाट रुंदच रुंद होत गेली. म्हणून २००६ पासून ती नव्याने, दगडात बांधायला घेतली. दगड डोंगरावरचाच. धोंड्यावर एका रेषेत भोकं पाडायची, प्रत्येकात दोन लोखंडी पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये पाचर बसवायची, मग घणाने एकेका पाचरीवर ओळीने टोले द्यायचे. टोल्यागणिक आवाज चढत जातो, आणि एका क्षणी धोंडा रेषेवर सरळ दुभंगतो. आपल्या पाथरवटांना ही रीत सांगावी लागणार नाही. कित्येक क्विंटलचा तो तुकडा पोलादी तारेवरून टांगत आणायचा आणि पहारींनी रेटत जागेवर बसवायचा. वरची पायरी खालचीच्या पाठीवर टेकते, मागे-बाजूला चिपा ठोकून भरतात, आणि कोणी वर उभं राहून अंग हलवलं तरी दगड डगमगत नाही, तेव्हाच पुढचा दगड. दिवसभर खपून काही वेळा एखादीच पायरी बसते. शेवटचा टप्पा २०१८ मध्ये खुला झाला.

जुलै २०२३ मध्ये या भागात एका दिवसात प्रचंड पाऊस कोसळला. रस्ते वाहून गेले, उद्यान बंद ठेवावं लागलं. तेव्हा कुठली वाट खचली, कुठला पूल गेला, याची पाहणी तुकड्या-तुकड्याने सुरू झाली, आणि तिथे कामाला आली ती नेमून दिलेल्या वाटांची तीच जुनी यादी.