सहाच्या पाढ्यातला ऑक्टोपस

महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत क्रोशाच्या सुईचा अंमल एके काळी किती दूरवर चालत असे, याची साक्ष पटवून घ्यायची असेल तर कोणत्याही जुन्या लग्नातील रुखवताचे छायाचित्र पाहावे: ताटावरचे रुमाल, टीपॉयवरची आच्छादने, दारावरची तोरणे, रेडिओवर पांघरलेली झालर आणि जावयाच्या तांब्याभांड्याखालच्या चकत्यासुद्धा, सारे काही त्या एका आकड्याच्या सुईने विणलेले. या सर्व वस्तूंना लांबी होती, रुंदी होती, कलाकुसर होती. पोट मात्र नव्हते. तरी या बिनपोटाच्या कलेने पुष्कळांची पोटे भरली आहेत. आयर्लंडात १८४५ सालापासून बटाट्याचे पीक बुडून दुष्काळ पडला, तेव्हा तिथल्या मठांतील जोगिणींनी गरीब स्त्रियांना क्रोशाची लेस विणायला शिकवून कित्येक कुटुंबांची चूल पेटती ठेवली. आणि आपल्याच देशात आंध्र प्रदेशातील नरसापूर परिसरात मिशनऱ्यांनी आणलेले हे काम घरोघरच्या स्त्रियांचा व्यवसाय होऊन बसले.

त्याच सुईने आणि त्याच टाक्यांनी, आत भराव घालून फुगवलेले प्राणी विणण्याचा प्रघात जपानातून आलेला आहे. तिथे त्याला अमिगुरुमी असे नाव असून, १९७० नंतर गोंडस चित्रांची आणि बाहुल्यांची जी लाट त्या देशात उसळली, तिच्याबरोबर तो वाढला. आता तो आपल्याकडेही रुळला आहे, आणि जिने कधी सुई हातात धरली नाही अशी एखादी महाविद्यालयीन मुलगी किंवा सेवानिवृत्त गृहस्थसुद्धा, प्रदर्शनात मांडलेला लोकरीचा देवमासा पाहून, हे आपल्याला जमेल का, असे विचारताना आढळतात. जमेल, असे उत्तर देण्यास माझी हरकत नाही; मात्र आरंभ कोणत्या प्राण्यापासून करायचा याविषयी माझा आग्रह आहे.

जमिनीवरचे प्राणी नवशिक्याने घेऊ नयेत. हत्तीचे चारही पाय सारख्या उंचीचे झाले नाहीत तर तो टेबलावर लंगडतो, सशाचे डोके मानेवर ठरत नाही, आणि मांजराचे दोन कान जरा वर-खाली शिवले गेले की त्याच्या चेहऱ्यावर असा काही भाव येतो की मूल त्याला जवळ घेत नाही. समुद्रातील प्राण्यांना उभे राहण्याची जबाबदारीच नाही. त्यांतही ऑक्टोपस हा नवशिक्याचा खरा कैवारी: त्याला मान नाही, खांदे नाहीत, हाडे तर मुळीच नाहीत, त्याचे डोके किंचित लांबट झाले किंवा आठांपैकी एखादा बाहू आखूड पडला, तरी कोणी फिर्याद करीत नाही. शिवाय आठ बाहूंपैकी पहिला बाहू जरी कसाबसा झाला, तरी आठवा येईपर्यंत हात बसलेला असतो, आणि इतकी सक्तीची उजळणी दुसरा कोणताही प्राणी करून घेत नाही.

सामानाचा बंदोबस्त सोपा आहे. मध्यम जाडीची, एकरंगी, फिकट आणि न पिंजारणारी लोकर किंवा जाड सुती दोरा घ्यावा. काळ्या लोकरीत टाके दिसत नाहीत आणि रंगबदलत्या लोकरीत ते दिसूनही मोजता येत नाहीत. लोकरीच्या गुंड्यावर सुईचा जो क्रमांक छापलेला असतो त्याहून एक पायरी बारीक सुई, बहुधा तीन किंवा साडेतीन मिलिमीटरची, वापरावी, म्हणजे वीण घट्ट येते आणि आतला भराव टाक्यांमधून डोकावत नाही. भरावासाठी पॉलिएस्टरचा तंतू चांगला; आपला गादीचा कापूस धुतल्यावर गोळा होतो. याखेरीज एक बोथट मोठ्या नेढ्याची सुई, कात्री आणि एक साधी सेफ्टी पिन. या पिनेचे महत्त्व पुढे कळेल.

विणीच्या बाबतीत सांगायचे तर, रुमालवाल्या आजीला जे पन्नास प्रकार येत असत त्यांतला एकच, मुका खांब, इथे लागतो. सुई आधीच्या ओळीतील टाक्याच्या दोन्ही धाग्यांखालून घालावी, दोरा ओढून घ्यावा, म्हणजे सुईवर दोन फेरे होतात; पुन्हा दोरा घेऊन तो त्या दोहोंतून एकदम बाहेर काढावा. परदेशी नमुना पाहून विणणाऱ्याने मात्र एक काळजी घ्यावी: या टाक्याला अमेरिकेत सिंगल क्रोशे म्हणतात आणि इंग्लंडात डबल क्रोशे, त्यामुळे मसुदा कोणत्या देशातला आहे याची चौकशी न करता विणायला बसलेल्या माणसाचा ऑक्टोपस दुप्पट उंचीचा आणि जाळीदार होण्याचा संभव असतो.

आरंभ दोन रीतींनी करता येतो. सराईत लोक बोटाभोवती दोऱ्याचा सैल फास घेतात, त्यात सहा मुके खांब विणतात आणि मग सुटे टोक ओढून फास आवळतात, की मध्यभागी भोक उरत नाही. ज्याला हा फास निसटताना सांभाळवत नाही त्याने दोन साखळ्या घालून सुईपासून दुसऱ्या साखळीत सहा मुके खांब घालावेत. मधले भोक इतके बारीक राहते की कोणाच्या लक्षात येत नाही. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन खांब, म्हणजे बारा. तिसऱ्या फेरीत एका टाक्यात एक आणि पुढच्यात दोन, म्हणजे अठरा; चौथीत दोन टाक्यांत एकेक आणि पुढच्यात दोन, म्हणजे चोवीस; मग तीस, मग छत्तीस. फेरी संपली म्हणून ती जोडायची नाही, पुढची फेरी तिच्याच डोक्यावर गोगलगायीच्या शंखाच्या वळणाने चढत जाते, आणि म्हणूनच फेरी कोठे सुरू झाली हे डोळ्यांना कळेनासे होते. तिथे ती सेफ्टी पिन कामी येते: प्रत्येक फेरीच्या पहिल्या टाक्यात ती अडकवावी आणि फेरी पुरी होताच पुढे सरकवावी.

या कामात हात अनाडी असला तरी चालते, हिशेब अनाडी चालत नाही. नवशिक्यांची समजूत उलट असते. बोटे वळत नाहीत म्हणून ते हताश होतात, वस्तुतः त्यांचे बिघडलेले असते ते मोजणीत. अठराच्या जागी सतरा टाके भरले तर फरक त्या फेरीत दिसत नाही, पुढल्या तीन फेऱ्यांनी डोके एका बाजूला कलू लागते, आणि तेव्हा दोष कोठे आहे हे शोधणे म्हणजे जुन्या दफ्तरात हरवलेला कागद शोधणे होय. म्हणून प्रत्येक फेरीअखेर जमाखर्च मांडावा, आणि तो जुळला नाही तर निःसंकोच उसवावे. उसवण्याच्या बाबतीत क्रोशे फार उदार आहे: दोन सुयांच्या विणकामात सुईवर टाक्यांची अख्खी रांग जिवंत असते आणि एक निसटला की खालपर्यंत ओघळतो, इथे जिवंत असतो तो एकच फेरा, बाकी सर्व टाके बंद झालेले असतात, त्यामुळे दोरा ओढावा तितकेच उसवते आणि जिथे थांबावे तिथे सुई घालून पुढे विणता येते. मात्र याच रचनेमुळे असेल, दोन सुयांच्या विणीचे यंत्र इंग्लंडात विल्यम ली याने १५८९ सालीच सिद्ध केले, आणि बाजारात मिळणारे खरे क्रोशाचे काम अजूनही हातचेच असते.

आता प्रश्न असा की सहाच का? मुक्या खांबाची उंची आणि रुंदी जवळजवळ सारखी असते. एक फेरी वाढली की वर्तुळाची त्रिज्या एका टाक्याने वाढते, आणि त्रिज्या एकाने वाढली की परीघ सुमारे सव्वासहाने वाढतो, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. म्हणून दर फेरीला सहा टाके वाढवले की चकती सपाट बसते. जो थोडा अंश उरतो तो लोकरीचा लवचीकपणा पचवून टाकतो. लांब खांबाची उंची मुक्या खांबाच्या सुमारे दुप्पट, म्हणून त्याच्या गोल रुमालाचा आरंभ बारा खांबांनी होतो. आपल्या आज्यांनी भूमितीचा एकही सिद्धांत न वाचता हा नियम शिरस्त्याने पाळला. सहापेक्षा कमी टाके वाढवले तर चकतीची कड वर उचलते आणि उकडीच्या मोदकाच्या पारीसारखी वाटी तयार होते. मुळीच वाढवले नाहीत तर सरळ नळी होते. आणि सहापेक्षा जास्त वाढवले तर काठाला जागा पुरेनाशी होऊन त्याला चुण्या पडू लागतात.

या चुण्यांची कथा समुद्रातच जाऊन पोहोचते. ज्या पृष्ठभागावर एका बिंदूतून एका रेषेला अनेक समांतर रेषा काढता येतात अशा भूमितीचा शोध एकोणिसाव्या शतकात रशियातील लोबाचेव्हस्की आणि हंगेरीतील बोल्याय यांनी स्वतंत्रपणे लावला. परंतु तो पृष्ठभाग हाताळून पाहता येईल अशी टिकाऊ प्रतिकृती गणितज्ञांपाशी फार काळ नव्हती, आणि कागद चिकटवून केलेल्या प्रतिकृती वर्गात दोनदा फिरल्या की फाटत. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात अध्यापन करणाऱ्या, मूळच्या लाटव्हियाच्या दाइना ताइमिन्या या विदुषीने १९९७ साली हा प्रश्न क्रोशाच्या सुईने सोडवला: ठरावीक टाक्यांमागे एक टाका वाढवीत जायचे, फेरी कितवीही असो, प्रमाण बदलायचे नाही. नियम इतका साधा, पण परिणाम विलक्षण. आपल्या ऑक्टोपसची चकती सहा-सहानेच वाढवत नेली तर दहाव्या फेरीत साठ टाके होतील. तीच चकती प्रत्येक टाक्यात दोन या प्रमाणाने वाढवली तर दहाव्या फेरीत तीन हजार बहात्तर टाके होतात, आणि ते सारे त्याच वर्तुळाच्या काठावर मावायचे असल्यामुळे कापड दुमडत, वळत, एकमेकांवर चढत जाऊन हुबेहूब प्रवाळाचे रूप घेते. मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थाइम या मूळच्या ऑस्ट्रेलियातील जुळ्या बहिणींनी हे साम्य हेरले, आणि त्यांच्या देशाच्या किनाऱ्यावरील प्रवाळभित्ती तापत्या समुद्रामुळे पांढऱ्या पडत असल्याच्या वार्तांनी अस्वस्थ होऊन २००५ साली लॉस एंजेलिस येथे क्रोशाची प्रवाळभित्ती विणण्याचा उपक्रम आरंभला. पुढे नाना देशांतील विणणाऱ्यांनी त्यात भर घातली आणि २०१९ साली व्हेनिसच्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात तिला मानाचे स्थान मिळाले. नवशिक्याला यातून एक आशा मिळते: टाके जास्त झाले आणि उसवण्याची इच्छा नसेल, तर ऑक्टोपस रद्द करून ते काम प्रवाळ म्हणून दप्तरी दाखल करता येते.

ज्याची मोजणी जुळली त्याने पुढे चालावे. छत्तीस टाक्यांवर वाढ थांबवून आठ-नऊ फेऱ्या सरळ विणल्या की डोके आकाराला येते. या सुमारास वीण आत-बाहेर उलटलेली नाही ना, ते पाहावे. ज्या बाजूला इंग्रजी व्हीच्या आकाराचे टाके रांगेने दिसतात ती बाहेर हवी. मग दर सहा टाक्यांत दोन टाक्यांचा एक करून तीस, आणि पुढच्या फेरीत दर पाच टाक्यांत तसेच करून चोवीस. घट करताना दोन्ही टाक्यांचे फक्त पुढचे धागे सुईवर घेतले, तर तिथे गाठ किंवा छिद्र दिसत नाही. ही एवढी एक युक्ती शिकलेल्याचे काम आणि न शिकलेल्याचे काम दुरून ओळखू येते.

चोवीस हा आकडा हेतुपूर्वक निवडलेला आहे, कारण त्याला आठाने भागले की तीन येतात, आणि प्रत्येक बाहूच्या वाट्याला तीन टाके बिनतक्रार मिळतात. फेरीच्या टाक्यातून तीस साखळ्या घालाव्या, मागे फिरून सुईपासून दुसऱ्या साखळीपासून प्रत्येकीत दोन-दोन मुके खांब विणीत डोक्यापर्यंत यावे, पुढच्या तीन टाक्यांत मुके खांब घालावे आणि पुन्हा तीस साखळ्या सोडाव्या. साखळीची लांबी तेवढीच आणि तिच्यावरचे टाके दुप्पट, म्हणून बाहू आपोआप पिळदार वळतो. वळवण्याचे श्रम कोणालाच करावे लागत नाहीत. आठ बाहू पुरे झाले की आत भराव घालावा, तोही एकदम मोठा गोळा नव्हे, चिमूट-चिमूट पिंजून, आधी कडांना आणि मग मध्ये. आणि तळाशी चोवीस टाक्यांची, म्हणजे चारच फेऱ्यांची, वेगळी चकती शिवून तोंड बंद करावे.

डोळे कोठे लावायचे याविषयी निसर्गालाच विचारावे. ज्याला आपण ऑक्टोपसचे डोके म्हणतो ती फुगीर पिशवी वस्तुतः त्याचे धड आहे, त्याची तिन्ही हृदये आणि कल्ले तिच्यातच असतात. डोळे असतात ते तिच्या खाली, बाहूंच्या उगमाशी. खेळण्यातही डोळे खालच्या तिसऱ्या हिश्शात आणि एकमेकांपासून जरा दूर लावले तर चेहरा भोळा दिसतो, वर लावले तर तोच प्राणी एखाद्या करड्या मामलेदारासारखा पाहू लागतो. मात्र प्लॅस्टिकचे डोळे तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्याला लावू नयेत, मागे चकती ठोकलेले असले तरीही. काळ्या दोऱ्याने भरतकाम करून काढलेला डोळा निघून तोंडात जात नाही.

शेवटी एका सत्कार्याविषयी, कारण ऑक्टोपस विणायला शिकलेल्या माणसाच्या कानावर ते आज ना उद्या येतेच. डेन्मार्कमध्ये २०१३ सालापासून स्वयंसेवकांनी अकाली जन्मलेल्या अर्भकांसाठी क्रोशाचे ऑक्टोपस विणून रुग्णालयांना देण्यास प्रारंभ केला आणि ती प्रथा अनेक देशांत पसरली. मूल त्या पिळदार बाहूंना नाळ समजून धरते आणि नाकातोंडातल्या नळ्या ओढीत नाही, अशी त्यामागची श्रद्धा आहे. शास्त्रीय पुराव्याचे पाठबळ तिला अद्याप फारसे नाही. डॅनिश स्वयंसेवकांचे नियम मात्र कडक होते: शंभर टक्के सुती दोरा, साठ अंश तापमानाच्या पाण्यात धुता येईल अशी वीण, आणि ताणला असता बावीस सेंटिमीटरपेक्षा लांब होणार नाही असा बाहू. वर सांगितलेला तीस साखळ्यांचा बाहू या मापात बसेलच असे नाही, आणि लोकरीचा तर तिथे उपयोगच नाही. तेव्हा ज्यांच्या मनात असे दान देण्याची इच्छा असेल त्यांनी सुई उचलण्यापूर्वी त्या रुग्णालयाच्या नवजात विभागात जाऊन तिथल्या परिचारिकेला विचारावे, आणि तिने नको म्हटले तर तो ऑक्टोपस घरच्या किंवा शेजारच्या चार वर्षांच्या मुलाला द्यावा.