एक चाल, दोन भाषा : शकीराच्या २००१च्या अल्बमची दोन रूपे

शाळेच्या स्मृतिव्याख्यानमालेत एका पॉप गायिकेचा विषय यावा, हे काही ज्येष्ठ श्रोत्यांना खटकण्याजोगे आहे. परंतु येथे प्रश्न गायिकेच्या लौकिकाचा नसून भाषेचा आहे. स्वभाषेत नावारूपाला आलेला कलावंत परभाषेच्या मोठ्या बाजारपेठेत उतरतो, तेव्हा ज्यांनी त्याला प्रथम मोठे केले त्या श्रोत्यांच्या वाट्याला काय उरते, असा तो प्रश्न आहे. घरात मराठी आणि उंबरठ्याबाहेर दुसरी भाषा बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना तो परका वाटू नये.

शकीराचा जन्म २ फेब्रुवारी १९७७ रोजी कोलंबियातील बारांकिया या बंदराच्या शहरी झाला. वडिलांचे घराणे मूळचे लेबनॉनचे. त्यामुळे स्पॅनिश ही मातृभाषा असली तरी अरबी सुरावटींचा संस्कार घरातूनच आला. १९९१ व १९९३ मधील तिचे पहिले दोन अल्बम फारसे चालले नाहीत. १९९५चा 'पिएस देस्काल्सोस', म्हणजे 'अनवाणी पाय', आणि १९९८चा 'दोंदे एस्तान लोस लाद्रोनेस?', म्हणजे 'चोर कुठे आहेत?', या दोहोंनी मात्र अवघ्या स्पॅनिशभाषक जगात तिचे नाव झाले. १९९९ मध्ये गाब्रिएल गार्सिया मार्केझ यांच्यासारख्या नोबेल पारितोषिक विजेत्या कादंबरीकाराने तिच्यावर लेख लिहिला, यावरून मायभूमीतील तिच्या स्थानाची कल्पना यावी.

त्याच वर्षी रिकी मार्टिन, एन्रिके इग्लेसियस आणि मार्क अँथनी या तिघांचे इंग्रजी अल्बम अमेरिकेत गाजले. तेथील त्या वेळची व्यवस्था अशी की स्पॅनिश गाण्यांची आकाशवाणी केंद्रे निराळी, दुकानातील कप्पा निराळा आणि लोकप्रियतेची यादीही निराळी. गायक कितीही मोठा असो, इंग्रजीत गायल्याखेरीज मुख्य दालनाचे दार तेव्हा क्वचितच उघडत असे. क्यूबात जन्मलेल्या आणि मायामीत वाढलेल्या ग्लोरिया एस्तेफान यांनी हे दार पूर्वीच ओलांडले होते. शकीराला इंग्रजीची धास्ती वाटत होती. तेव्हा एस्तेफान यांनी तिच्या 'ओहोस आसी' या गाण्याचे इंग्रजी रूपांतर करून दाखविले. त्यानंतर मात्र दुसऱ्याचे शब्द उसने न घेता आपली गाणी आपणच इंग्रजीत रचावयाची, असे शकीराने ठरविले. कोश जवळ ठेवून, इंग्रजी कविता वाचून तिने हा अभ्यास केला. वयाच्या तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी परभाषेत गीतरचनेला बसणे हे धाडसच म्हटले पाहिजे.

१३ नोव्हेंबर २००१ रोजी हा अल्बम बाहेर पडला. इंग्रजी मुलुखात त्याचे नाव 'लाँड्री सर्व्हिस', तर स्पेन व लॅटिन अमेरिकेत 'सेर्व्हिसियो दे लाव्हान्देरिया'. अर्थ एकच, धुलाईची सेवा. प्रेम आणि संगीत ही आपल्यापुरती साबण व पाणी होत, असा या नावाचा खुलासा गायिकेने केला होता.

दोन्ही आवृत्त्यांत गाणी तीच तेरा : नऊ इंग्रजी, चार स्पॅनिश. फरक आहे तो मांडणीचा. इंग्रजी आवृत्तीत 'सुएर्ते' व 'ते आव्हिसो, ते आनुन्सिओ' ही दोन स्पॅनिश गाणी अगदी शेवटी, बाराव्या-तेराव्या क्रमांकांवर आहेत. प्रादेशिक आवृत्तीत 'सुएर्ते'ने प्रारंभ होतो, दुसरे तिसऱ्या स्थानी येते आणि त्यांची इंग्रजी जुळी भावंडे, 'व्हेनेव्हर, व्हेअरेव्हर' व 'ऑब्जेक्शन', शेपटाकडे जातात. पाहुण्यांसाठी आणि घरच्यांसाठी एकाच ताटातील वाढप बदलावे, तसा हा प्रकार. पण हिशेब केला तर असे दिसते की चारांपैकी दोन गाणी इंग्रजीची जुळीच असल्याने सर्वस्वी स्पॅनिश अशी दोनच उरतात : 'के मे केदेस तू' आणि 'ते देहो माद्रिद'. जुन्या श्रोत्यांपैकी अनेकांना हा सौदा महाग वाटला असल्यास नवल नाही.

तरीही या जुळ्या गाण्यांकडे बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण ती शब्दशः भाषांतरे नाहीत. 'व्हेनेव्हर, व्हेअरेव्हर' आणि 'सुएर्ते' या दोहोंचाही आरंभ भाग्याच्या उल्लेखाने होतो. इंग्रजी गाण्याचे नाव मात्र ध्रुपदावरून पडले, तर स्पॅनिशचे अगदी पहिल्या शब्दावरून, म्हणजे 'नशीब' या अर्थाच्या 'सुएर्ते'वरून. चाल तीच, आन्देस पर्वतातील बासरी व चारांगो या तंतुवाद्याचे स्वर तेच. ध्रुपदातील विचार मात्र प्रत्येक भाषेने आपल्या सोयीने घडविला आहे. 'ऑब्जेक्शन' हा न्यायालयातला शब्द. त्याच्या स्पॅनिश जोडीचा अर्थ 'तुला बजावते, तुला जाहीर सांगते' असा आहे, आणि तो भांडणाऱ्या बाईच्या तोंडी अधिक शोभतो असे मला वाटते. बांधलेल्या चालीवर शब्द बसविताना अर्थाला किती मुरड घालावी लागते, हे नाट्यसंगीताच्या रसिकांना सांगावयास नको. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी कानडी चालींवर मराठी पदे रचली, तीही काही कानडी पदांची भाषांतरे नव्हती.

'ओहोस आसी'चे उदाहरण याहून बोलके आहे. 'आईज लाइक युअर्स' या इंग्रजी रूपात स्पॅनिश शब्द बदलले, पण मधला अरबी भाग जसाच्या तसा राहिला. सर्वांत कमी श्रोत्यांना कळणारी भाषाच अबाधित राहिली, हे विशेष! त्या भागाकडून अर्थाची अपेक्षा नव्हती, केवळ नादाची होती, असेही कोणी म्हणेल. ते पूर्णपणे नाकारता येत नाही.

इंग्रजी समीक्षकांपैकी काहींनी तिच्या चमत्कारिक उपमांची थट्टा केली. माझ्या मते परभाषेत लिहिणाऱ्याला रूढ झालेली वाक्ये ठाऊक नसतात, म्हणूनच त्याच्या हातून कधी हास्यास्पद तर कधी ताजी प्रतिमा उतरते. येथे दोन्ही प्रकार सापडतात. व्यापारी यश मात्र वादातीत होते. अमेरिकेच्या मुख्य यादीत अल्बम थेट तिसऱ्या स्थानी आला आणि जगभरातील खप सव्वा कोटी प्रतींच्याही पुढे गेल्याचे सांगितले जाते. इकडे 'सुएर्ते' व 'के मे केदेस तू' ही दोन्ही गाणी अमेरिकेतील स्पॅनिश गाण्यांच्या यादीत अग्रस्थानी पोहोचली.

पुढल्या खेपेस तिने ही सरमिसळ टाळली. २००५च्या जूनमध्ये 'फिहासिओन ओराल' हा स्पॅनिश अल्बम आधी काढला आणि त्याचा इंग्रजी दुसरा खंड नोव्हेंबरमध्ये. घरच्यांचे पान या वेळी प्रथम वाढले गेले. स्पॅनिश खंडाला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. इंग्रजी खंडाचा खप मात्र अपेक्षेहून कमी राहिला आणि २००६ मध्ये 'हिप्स डोन्ट लाय' हे गाणे जोडून तो पुन्हा बाजारात आणावा लागला.