स्फटिक फुटण्याआधी

डिसेंबर २००९. कॅलिफोर्नियातल्या स्लॅक प्रयोगशाळेत क्ष-किरणांचा नवा लेसर पेटून जेमतेम आठ महिने झाले होते. निर्वात कोठीत पाण्याची बारीक धार सुटली होती आणि तिच्यातून प्रथिनाचे इवलेसे स्फटिक वाहत होते. लेसरचा स्पंद ज्याला लागे, तो उरत नसे. नष्ट होण्याआधी तो आपली रचना सांगून जाईल का, एवढाच प्रश्न होता.

पेच जुनाच. क्ष-किरण अणूंच्या जागा दाखवतात आणि त्याच वेळी त्यांचे इलेक्ट्रॉन उडवून लावतात. मागे राहिलेले धनभारित अणू एकमेकांना ढकलतात आणि रचना विस्कटते. म्हणून किरण जपून वापरायचे आणि मोठे स्फटिक वाढवायचे. पण कित्येक प्रथिनांचे मोठे स्फटिक होतच नाहीत!

स्वीडनमधल्या उप्सालाच्या यानोश हायडू आणि सहकाऱ्यांनी २००० साली लायसोझाइम या प्रथिनाचा रेणू संगणकावर फोडून पाहिला होता. इलेक्ट्रॉन लगेच उडतात, पण अणुकेंद्रं जड, त्यांना हलायला वेळ लागतो. स्पंद काही फेम्टोसेकंदांचा असेल, म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाच्या काही दशलक्षांश भागांइतका, तर मोडतोडीआधी चित्र हाती येईल, असं त्यांचं भाकीत होतं.

हेन्री चॅपमन, जॉन स्पेन्स आणि पेट्रा फ्रोमे यांच्या चमूने स्लॅकमधल्या त्या प्रयोगासाठी प्रकाशसंश्लेषणातलं अवाढव्य प्रथिन, फोटोसिस्टिम-१, निवडलं. तीस लाखांवर नोंदी घेतल्या, पंधरा हजारांवर कामी आल्या. प्रत्येक नोंद वेगळ्या स्फटिकाची. त्या जुळवल्यावर रेणूची रचना उभी राहिली.

मला मात्र यापुढचा भाग अधिक थरारक वाटतो. स्पंद लांबवले, स्फटिक मध्येच विस्कटू लागला, तरी विवर्तनाचे, म्हणजे स्फटिकातून विखुरलेल्या किरणांचे, ठिपके मिळतच राहिले. अँटन बार्टी आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये कारण मांडलं. ठिपका उमटतो तो असंख्य रेणू शिस्तीत रचलेले असतात म्हणून. शिस्त मोडली की ठिपका वाढायचा थांबतो, पुढचे किरण नुसते पसरट विखुरतात. आधी बारीक तपशील जातात, मग ठळक. कॅमेऱ्याची झडप स्फटिक स्वतःच मिटतो!

अणू नेमके केव्हा हलू लागतात, हे जपानमधल्या साक्ला लेसरवर इचिरो इनोउए यांच्या गटाने हिऱ्यावर तपासलं. पहिल्या स्पंदाने घाव, दुसऱ्याने पाहणी, आणि दोहोंमधलं अंतर थोडं थोडं वाढवत न्यायचं. उत्तर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं: सुमारे २० फेम्टोसेकंद. साक्लाचा एकेक स्पंद दहा फेम्टोसेकंदांहूनही आखूड असतो.